गाईडीणीचा उलटा राजा

मास्तराची बायको चार बुकं शिकलेली नसली तरी तिला मास्तरीण म्हणतात. त्याच हिशेबाने गाईडच्या बायकोला सगळी गल्ली गाईडीण म्हणायची. तिने उभ्या जन्मात कोणाला काही दाखवलं नव्हतं. दाखवायचं सोडा, जुन्या शहराच्या तटाच्या आत तिने लग्न होऊन आल्यापासून पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना बुरुजाचं टोक दिसायचं, तेवढीच काय ती ओळख.

"एकदा मलाही न्या की," नव्या नवलाईत ती म्हणाली होती.

"तुला काय दाखवायचं? तुला सगळं पाठच आहे," असं म्हणून गाईडने कूस बदलली होती. पुढे तिनेही विषय काढला नाही. आचारी घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही, तसं गाईडचं होतं. सुट्टीच्या दिवशी त्याला दगड दाखवला तरी तो तोंड फिरवायचा.

आणि पाठ होतं म्हणाल तर खरंच पाठ होतं. गाईडला घरात तालीम करायची खोड होती. मोसम सुरू होण्याआधी तो सकाळी चहा घेतला की छत्री हातात धरायचा, बायकोला समोर उभी करायचा आणि तोंड तिच्याकडे, पाठ पुढे, असा उलटा चालत घरभर फिरायचा. गाईड लोकांना उलटंच चालावं लागतं. पाठ दाखवली की माणसं गप्पा मारत भलतीकडे जातात. तर तो उलटा चालायचा आणि घरातली एकेक वस्तू म्हणजे शहरातलं एकेक ठिकाण असायचं. खाटेपाशी राजा जन्माला यायचा. जेवायच्या टेबलापाशी त्याचं लग्न लागायचं. पाण्याचं पिंप म्हणजे राणीसाठी बांधलेला हौद. न्हाणीघर म्हणजे सेनापतीने दगा देऊन राजाला कोंडलं तो बुरूज. आणि मागच्या दाराशी चपलांचं बुटकं फडताळ होतं, ती राजाची समाधी. तिथे पोचला की गाईड आवाज खाली आणायचा, छत्री मिटायचा आणि म्हणायचा, "आणि इथे, मंडळी, तो थकलेला राजा कायमचा विसावला."

"चपला बाजूला घ्या, पाय अडकेल," गाईडीण म्हणायची.

हे असं सुरळीत चाललेलं असताना सहलीच्या कंपनीत नवा साहेब आला. साहेब कसला, पोरगाच. दाढी नीट कोरलेली, बोलणं गोड, आणि हातात एक यंत्र. ते कानाला लावायचं आणि बटण दाबायचं, की आतला माणूस सगळं शहर सांगत सुटतो. कुठे वळा, काय बघा, कोण कधी मेला. त्याला ना चहा लागतो ना सुट्टी.

साहेब स्वतः घरी आला, खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "काका, राग मानू नका. वरून सांगितलंय. पण मी म्हटलं, एक संधी द्यायची. रविवारी गट आहे, त्यांच्याबरोबर मीही येतो. एका कानाला यंत्र लावतो, दुसऱ्या कानाने तुम्हाला ऐकतो. जे बरं वाटेल ते ठेवू."

"म्हणजे माझी परीक्षा," गाईड म्हणाला.

"यंत्राचीसुद्धा, काका."

"यंत्राला रात्री झोप लागेल. मला लागणार नाही."

साहेब गेला आणि गाईडच्या डोक्यात भूत शिरलं. त्या दिवसापासून तालमीला ताळतंत्र राहिलं नाही. पहाटेच उठून राजा जन्माला घालायचा, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. आवाज असा लावायचा की शेजारीण भिंतीवर थापटून विचारायची, "मेला का हो एकदाचा तुमचा राजा? आमचं बाळ झोपत नाहीये!" गाईडीण गरम पाणी देत होती, मीठ घालून गुळण्या करा म्हणत होती. पण ऐकेल तर शपथ. यंत्राहून मोठ्याने बोलायचं, असं काहीतरी त्याने मनाशी धरलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो खाटेपाशी उभा राहिला, छत्री वर केली, तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. सायकलच्या चाकातून निघते तशी.

डॉक्टरने घशात बॅटरी मारून बघितलं. "बोलणं बंद. पंधरवडाभर एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर आवाज परत येईल याची मी हमी देत नाही."

गाईडने हातवारे करून रविवारचं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला.

"काय म्हणतायत?" डॉक्टरने गाईडीणीला विचारलं.

"काही नाही. तुमचं बरोबर आहे म्हणतायत," ती म्हणाली.

ती नवऱ्याला घेऊन तिथूनच परस्पर कंपनीच्या कचेरीत गेली. साहेबाला सगळं सांगितलं. तो बिचारा मनाने वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतं. "काकू, गटाची तारीख बदलता येत नाही. काका आले नाहीत तर मला यंत्रच पुढे करावं लागेल. आणि एकदा यंत्र पुढे गेलं की..." त्याने वाक्य अर्धं सोडलं.

उरलेलं अर्धं गाईडीणीला समजलं. यंत्र पुढे गेलं की नवरा मागे राहणार. रोज सकाळी छत्री घेणार आणि जायला कुठे नाही म्हणून पुन्हा खुंटीला लावणार. घरात दिवसभर बसलेला गाईड, तोही बोलता गाईड! ती म्हणून गेली, "ते येतील की. चालायला त्यांना काही झालेलं नाही. पुढे ते राहतील, छत्री ते धरतील. बोलायचं काम मी करते. मला सगळं पाठ आहे."

साहेबाने नवऱ्याकडे बघितलं. तो दारात उभा होता आणि डोकं असं जोरजोरात हलवत होता, की टोपी पडली.

"ते नाही म्हणतायत, काकू."

"मान मोकळी करतायत. बोलता येत नाही ना, सगळं मानेवर येतं," असं म्हणून तिने टोपी उचलून त्याच्या डोक्यावर दाबून बसवली. "रविवारी येतो आम्ही."

रविवारी गट आला. डझनभर माणसं असतील, बरीचशी नोकरीतून मोकळी झालेली. त्यात एक जाडे गृहस्थ होते, ते बसमधून उतरायच्या आधीच बसायला जागा कुठे आहे ते विचारत होते. एक चष्मेवाल्या बाई होत्या, त्यांनी घरून बरंच वाचून आणलं होतं असं चेहऱ्यावरून दिसत होतं. आणि साहेब, एका कानात यंत्राची वायर, दुसरा कान मोकळा.

गाईडीणीने ठेवणीतले कपडे घातले होते आणि पायात नवे बूट. चालायच्या दिवशी नवे बूट घालू नयेत हे गाईड गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आला होता. तो आज बोलू शकत नव्हता म्हणून तिने घालून घेतले.

मंडळी मोठ्या दरवाजापाशी पोचली आणि बघतात तर काय, दरवाजा बंद. आदल्या दिवशी कमानीतला एक दगड निसटला होता. बांबू लावलेले, दोरी बांधलेली, गवंडी वर चढून बसलेले.

"दुरुस्ती होईपर्यंत इथून कोणी नाही," पहारेकरी म्हणाला. "मागच्या दाराने जा."

"मागचं दार कुठे उघडतं?" गाईडीणीने विचारलं.

"समाधीपाशी."

एकवीसचा पाढा येणाऱ्या पोराला कोणी एकवीस साते विचारलं तर ते पहिल्यापासून म्हणत येतं, तशी गाईडीणीची गत झाली. तिला राजा पाठ होता, पण खाटेपासून. चपलांपासून कधी म्हटलाच नव्हता.

तटाला वळसा घालून मंडळी मागच्या दाराने आत आली. गाईडने हाताने खुणा केल्या, की सरळ चालत पुढच्या टोकाला जाऊ, तिथून सुरुवात करू आणि मग इकडे येऊ.

"छे हो!" जाडे गृहस्थ म्हणाले. "आधी तिथवर जायचं, मग परत इथवर यायचं, मग पुन्हा कुठेतरी जायचं? समोर आहे ते सांगा ना. ही कोणाची समाधी?"

सगळ्यांनी गाईडीणीकडे बघितलं. साहेबाने यंत्राचं बटण दाबलं. गाईडीणीने डोळे मिटले आणि मनातल्या मनात खाटेपासून धूम ठोकली. राजा जन्मला, राजा वाढला, राजाचं लग्न, राजाचा हौद... ओठ भराभर हलत होते, आवाज नव्हता. ते बघून जाड्या गृहस्थांनी टोपी काढली. बाई प्रार्थना करतायत असं वाटून एकेकाने हात जोडले, माना खाली घातल्या. चष्मेवाल्या बाईंनी पर्स खाली ठेवली. गाईडने कपाळाला हात लावला, तर लोकांना वाटलं ही पण इथली काही रीत असेल, म्हणून दोघातिघांनी आपापल्या कपाळाला हात लावले.

शेवटी ती मनातल्या मनात समाधीपाशी पोचली, धापा टाकत, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "तर मंडळी, राजा मेला."

"अरेरे," कोणीतरी म्हणालं.

"कशाने?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"ते पुढे सांगते. पुढे म्हणजे मागे. चला."

साहेबाची त्या वेळी वेगळीच तारांबळ उडाली होती. यंत्र अजून कच्चं होतं, त्यात मधूनच सुरू करायची सोय नव्हती. त्याच्या डाव्या कानात आतला माणूस मोठ्या आनंदाने सांगत होता की समोरच्या भव्य दरवाजातून आत या, इथेच राजाचा जन्म झाला. समोर कचऱ्याचा डबा होता. साहेबाने दोनदा डब्याकडे बघितलं.

बुरूज आला. न्हाणीघर. गाईडीणीला जरा धीर आला. "इथे राजाला कोंडला. वर्षानुवर्षं बाहेरचं ऊन दिसलं नाही. कोंडला कोणी? त्याच्याच सेनापतीने. खिडकी एवढीशी, अंधार, ओल, आणि दाराची कडी सैल, आतून लागत नाही..."

"आतून? तुरुंगाला आतून कडी?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

मागून छत्रीचं टोक गाईडीणीच्या पाठीत आलं. तिने जीभ चावली. "राजाचा तुरुंग, ताई. थोडी अब्रू ठेवायला नको?"

बाईंनी मान डोलावली. पटलं असावं.

"पण सेनापती इतका नीच का वागला?" जाडे गृहस्थ म्हणाले. ते पायरी बघून बसले होते आणि बसल्यामुळे त्यांना राजाबद्दल माया वाटायला लागली होती.

गाईडीणीने मनात हिशेब केला. पुढच्या चौकात सेनापती आणि राजा भाऊभाऊ म्हणवत होते. ती म्हणाली, "आत्ता तसा वागतोय. पण काळजी करू नका, थोडं चाललो की त्यांचं पटायला लागतं."

आणि तसंच झालं. जरा पुढे दोघांचं नुसतं भांडण होतं. आणखी पुढे रुसवा. त्याच्या पुढे दोघे एका ताटात जेवत होते. जाड्या गृहस्थांनी चालता चालता तीनदा विचारलं, "आता कसं आहे त्यांचं?" आणि ती दर वेळी सांगत गेली, "आता पुष्कळ बरं आहे." तेही मग जरा भरभर चालायला लागले.

गाईड मात्र बायकोच्या मागे, घोळक्यातच होता. पुढे राहून छत्री धरायची असं ठरलं होतं, पण तिची पाठ टोचायला मागेच राहावं लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो या रस्त्याने तोंड पुढे करून चालत होता. त्याला वाटायचं, लोक बुरुजाकडे बघतात. लोक खाली बघत होते. पायरीकडे, बुटाकडे, सावली कुठे सरकली तिकडे. दोघी बायका तर मुलाच्या लग्नाचं बोलत होत्या. मात्र गाईडीण तोंड उघडायची तेव्हा त्या थांबायच्या आणि ऐकायच्या. हे बघून त्याला बरं वाटत होतं का वाईट, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं, आणि बोलायची तर बंदी होती.

मग आला हौद. घरात तालीम करताना हौदाला गाईड सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. पिंपावर हात ठेवून सांगायचा, की मंडळी, हा बघा, नजर पोहोचत नाही असा विस्तार, शंभर घोडे एका वेळी पाणी पीत, आणि चांदण्या रात्री राणी नावेतून विहार करी. इतकी वर्षं गाईडीण पिंपातून पाणी काढताना त्या हौदाचा विचार करत आली होती. कंटाळा आला की मनातल्या मनात ती नावेत जाऊन बसायची. भांडी राहिली तर राहिली.

ती वळणावरून पुढे आली, कठड्याला हात लावून वाकली आणि तिच्या तोंडून गेलं, "अगं बाई! एवढासा?"



"हा हौद?" तिने मागे वळून नवऱ्याला विचारलं. राजा, साहेब, यंत्र, सगळं ती विसरली. "हा? यात नाव? यात राणी बसली तर नाव वळवायला राजाला खाली उतरावं लागेल! आणि शंभर घोडे? अहो, शंभर घोड्यांनी नुसतं आत बघितलं तरी दाटी होईल!"

गाईडने दोन्ही हात पसरून खूण केली, की पूर्वी मोठा होता, तिकडे, त्या भिंतीपर्यंत.

"भिंत जुनीच दिसतेय. कशाला खोटं सांगता?"

त्याने छत्री जमिनीवर आपटली.

"आपटू नका. मी इतकी वर्षं काय काय मनात धरून बसले होते, तुम्हाला कल्पना आहे?"

आधी चष्मेवाल्या बाई हसल्या. मग एकेक करून सगळे. "मलाही अगदी तेच वाटलं हो," बाई म्हणाल्या, "पण म्हणायचं कसं? पुस्तकात फार मोठा दाखवलाय." जाडे गृहस्थ म्हणाले की त्यांच्या गावातली गुरांची टाकी याहून मोठी आहे. मग ज्याला त्याला कुठे काय बघायला गेलो आणि ते किती छोटं निघालं, हे आठवायला लागलं. हौदाच्या कठड्यावर बसून मंडळींची अशी मैफल जमली की उठायला तयार नाहीत. साहेबसुद्धा हसत होता. मग त्याला आठवलं की आपण परीक्षा घ्यायला आलोय, आणि त्याने तोंड सरळ केलं. ते सरळ तोंड बघून गाईडीणीला भान आलं. नवऱ्याचा हौद आपण चारचौघांत आटवला. यंत्राने असं केलं नसतं. यंत्राला बायको नसते.

पुढचा रस्ता ती खाली मान घालून चालली. लग्नाच्या चौकात आवाज जरा पडलाच होता. "इथे दोघांचं लग्न लागलं," ती म्हणाली. "आणि त्याच्या आधी मुलीच्या बापाचा नकार होता. आणि त्याच्याही आधी ही दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. ती तिच्या घरी, तो त्याच्या घरी."

"म्हणजे अजून काहीच बिघडलेलं नाही," मुलाच्या लग्नाचं बोलणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली.

"काहीच नाही," गाईडीण म्हणाली.

शेवटी मंडळी जन्माच्या खोलीत पोचली. बंद दरवाजाला लागूनच ती खोली. बाहेर गवंड्यांची ठोकठोक चालली होती, आत गार होतं. एका कोनाड्यात दगडी पाळणा, बाकी काही नाही. गाईडीण पाळण्यापाशी उभी राहिली. खाटेपाशी म्हणायची सगळी भाषा तिला येत होती, सुवर्णाक्षरं, मंगल प्रभात वगैरे. पण ती सुरुवातीची भाषा होती, आता शेवटाला ती कशी लावायची? ती हळूच म्हणाली, "तर असं सगळं होऊन गेल्यावर राजा इथे आला. एवढासा. त्याला कोणी शत्रू नाही, कोणी मित्र नाही, त्याच्याकडून कोणाला काही नको आहे. आई शेजारी बसलीय. दूध पिऊन झालंय. आणि झोपलाय."

बाहेरच्या गवंड्याने त्याच वेळी हातोडा खाली ठेवला असावा. चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. साहेब दाराशी टेकून उभा होता, त्याचा हात वायरीत अडकला, वायर यंत्रातून निसटली आणि त्या शांत खोलीत आतला माणूस भसाड्या आवाजात गरजला, "आणि इथे तो राजा कायमचा विसावला!"

"शू!" जाडे गृहस्थ त्याच्या अंगावर वस्सकन गेले. "बाळ झोपलंय!"

साहेबाने घाबरून यंत्र पोटाशी धरलं आणि मिळेल ते बटण दाबत बाहेर पळाला.

गट बसमध्ये बसल्यावर साहेब दोघांपाशी आला. गाईडीणीने बूट काढून हातात घेतले होते. टाचेला फोड आला होता, पण तिचं सगळं लक्ष साहेबाच्या तोंडाकडे होतं.

"काकू, खरं सांगू का?" साहेब म्हणाला. "तुम्ही जे सांगितलंत त्याला गाईडचं काम म्हणता येत नाही. तुरुंगाला आतून कडी, हौदावर भांडण. हे मी वर सांगितलं तर माझीच नोकरी जाईल."

गाईडीणीने मान खाली घातली. तिला नवऱ्याकडे बघवेना.

"पण पहारेकरी म्हणतो, दरवाजा लवकर काही उघडत नाही. नुसती कमान नाही, मागची भिंतही काढावी लागणार आहे. आणि यंत्र उलटं चालत नाही. नवीन बोलून भरायचं म्हणजे वरून मंजुरी यायला हवी, ती येईपर्यंत दरवाजा उघडेल. तेव्हा तोवर काकाच. फक्त काकांना हे असं मागून पुढे सांगता यायला हवं. पुढच्या गटाला मी पुन्हा येतो. तोपर्यंत आवाज येईल ना?"

गाईडने मान हलवली. या वेळी ती नक्की कशी हलवली ते गाईडीणीलाही कळलं नाही.

पंधरवडा घरात अशी शांतता होती, की शेजारीण काळजीने विचारून गेली. गाईडीण रोज त्याच्यापुढे चहा ठेवायची आणि वाट बघायची. हौदाचा राग आहे का नाही, काही कळेना. रागावलेला नवरा बोलत नाही हे माहीत असतं, पण न बोलणारा नवरा रागावलाय का, हे ओळखायचं कसं? खुणेने भाजी माग, खुणेने छत्री माग, बस. ती आपली एकटीच बोलायची, एकटीच उत्तर द्यायची.

डॉक्टरने परवानगी दिली त्या दिवशी दोघे घरी आले. गाईड खाटेवर बसला, घसा खाकरला. ती पिंपाशी होती, तशीच थांबली.

"हौद लहान नाही," गाईड म्हणाला. आवाज खरखरीत होता, पण होता.

"बरं," ती म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की त्याने समुद्र म्हटलं असतं तरी ती बरं म्हणाली असती.

"आणि इतिहास उलटा सांगत नाहीत. मी जन्मभर सरळ सांगितलाय. माणूस आधी जन्मतो, मग मरतो. मला नाही जमायचं ते."

"जमायला लागेल. साहेब येणार आहे."

"यंत्राला जमत नाही म्हणून मला ठेवतायत. मग माझ्यात काय राहिलं?"

"यंत्राला जे जमत नाही ते राहिलं. उठा."

तिने छत्री आणून त्याच्या हातात दिली आणि त्याला हाताला धरून चपलांच्या फडताळापाशी नेलं. तो उभा राहिला. तोंड उघडलं. "फार फार वर्षांपूर्वी, एका मंगल प्रभाती..."

"मेला म्हणा."

"अगं, पण अजून जन्मला कुठे? जन्माला आल्याशिवाय मारू कसा?"

"पाषाण आहे का हो तुमचं डोकं? पुन्हा सुरू करा."

पुन्हा सुरू. पुन्हा मंगल प्रभात. चार दिवस हेच. जीभच वळेना त्याची. समाधी कशीबशी जमली, बुरूजही जमला, सेनापतीचा दगा तर फार जोरात जमला, कारण रागाचं बोलणं त्याला आधीपासून यायचं. पण तिथून पुढे राजाला सुखाकडे न्यायचं म्हटलं की गाडी थांबायची. सुख असं मागून कसं आणायचं ते त्याला समजेना. शेवटी तो फडताळावरच बसला, छत्री मांडीवर आडवी.

"नाही होत," तो म्हणाला. हळू म्हणाला. "सांग साहेबाला. लावू दे यंत्र."

गाईडीणीने दोन कप चहा केला. एक त्याच्या हातात दिला, दुसरा घेऊन त्याच्याच शेजारी चपला सारून बसली.

"बुरुजापर्यंत येतं ना?"

"तिथवर येतं."

"मग तुम्ही मारा. जन्माला मी घालते."

गाईडने कप अर्ध्यावर थांबवला. "म्हणजे तू रोज येणार?"

"का? लाज वाटते?"

"तसं नाही," तो म्हणाला. "नवे बूट घालू नकोस."

"नाही घालत."

"आणि तुरुंगाला आतून कडी नाही."

"नाही. पण हौदाचं काय? तो कोणाकडे?"

गाईडने चहाचा घोट घेतला, पिंपाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हौदापाशी दोघांनीही गप्प बसायचं," तो म्हणाला. "लोकांना डोळे आहेत."